कुटुंब वाढते आहे. घरही वाढवावे का?

प्रश्न : आमच्या घरात दोन शयनखोल्या, बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि एकच न्हाणीघर आहे. आम्ही दोघे, ९ वर्षांची मुलगी आणि ४ वर्षांचा मुलगा असे चौघे येथे राहतो. आणखी ५ महिन्यांनी तिसरे मूल येईल. यजमानांचे काम आठवड्यातून तीन दिवस घरूनच, बैठकीच्या खोलीत बसून चालते. सासरे गेल्या वर्षी वारले. तेव्हापासून सासूबाई एकट्या असतात आणि वर्षा-दोन वर्षांत त्या कायमच्या आमच्याकडे येतील असे दिसते. सकाळी न्हाणीघरासाठी रांग लागते, संध्याकाळी मुलांना सतत ‘हळू बोला’ म्हणावे लागते, आणि मुलगी तर हल्ली पुस्तक घेऊन न्हाणीघरात बसते ती लवकर बाहेरच येत नाही. आम्ही चार शयनखोल्यांचे एक दुमजली घर पाहिले आहे. शयनखोल्या आणि न्हाणीघरे सगळी वरच्या मजल्यावर आहेत. मला ते घर फार आवडले. मात्र तेथून माझे कार्यालय २० मिनिटांऐवजी ७० मिनिटांवर जाईल, मुलांची शाळा बदलेल, आणि २० वर्षांच्या कर्जाची ८ वर्षे फेडून झालेली असताना २५ वर्षांचे नवे, मोठे कर्ज घ्यावे लागेल. महिनाअखेर निर्णय कळवायचा आहे. यजमान म्हणतात, दोन वर्षे थांबू. मला वाटते, बाळ येण्याआधीच जावे. घर खरेच अपुरे आहे की मलाच ते नीट लावता येत नाही, हेही आता कळेनासे झाले आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटच्या वाक्याला आधी उत्तर देते, कारण ते वाचून मला वाईट वाटले. एका न्हाणीघरासमोर चार माणसांची रांग लागते, यात तुमच्या व्यवस्थितपणाचा काही संबंध नाही. बैठकीच्या खोलीत कार्यालय भरत असेल तर मुलांना खेळायला जागा उरत नाही, आणि कपाटे कितीही नेटकी लावली तरी ती उरणार नाही. तेव्हा तो दोष स्वतःकडे घेऊ नका.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. तुमच्या कुटुंबाला अधिक जागा लागणार आहे, हे खरे आहे. पण ती बाळासाठी लागणार नाही, ती या महिनाअखेरीस लागणार नाही, आणि तुम्ही पाहिलेले घर ती गरज भागवील असे मला वाटत नाही. हे मत कसे झाले ते सविस्तर लिहिते, म्हणजे ते कुठे पटते आणि कुठे पटत नाही हे तुम्हा दोघांना तपासता येईल.

घर अपुरे आहे की नाही हे ठरवण्याची अधिकृत मापे जगात आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत, हे माहीत असलेले बरे. युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट घरासाठी एक सामाईक खोली, प्रत्येक जोडप्याला एक, १८ वर्षांवरील प्रत्येक एकट्या व्यक्तीला एक, आणि १२ वर्षांखालील दोन मुलांमागे एक खोली धरते. १२ ते १७ या वयात मात्र मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी वेगळी खोली धरली जाते. या मापाने तुमचे आजचे घर पुरेसे आहे, बाळ आल्यावर एक खोली कमी पडेल आणि सासूबाई आल्यावर दोन. कॅनडाच्या मापात भाऊ-बहीण एका खोलीत राहू शकतात ते दोघेही ५ वर्षांखाली असतील तरच. त्या हिशेबाने तुमच्या घरात एक शयनखोली आजच कमी आहे. संयुक्त राष्ट्रांचा मानवी वसाहतींविषयीचा कार्यक्रम एका खोलीत तीनपेक्षा अधिक माणसे असतील तरच घर दाटीचे मानतो, आणि त्या मर्यादेपासून तुम्ही सासूबाई आल्यावरही लांबच राहाल. घर तेच आणि माणसेही तीच असताना निकाल असा बदलतो, कारण प्रत्येक मापामागे कोणी कोणाबरोबर झोपावे याविषयीची एकेक समजूत आहे. दाटीमुळे क्षयासारखे संसर्गजन्य रोग पसरण्याचा धोका वाढतो म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत दाटी कमी करण्याची शिफारस केली आहे. ही मापे धोरण आखणाऱ्यांना उपयोगी आहेत. तुमच्या घराचा निर्णय मात्र त्यांवर सोडता येणार नाही.

त्याऐवजी तुमच्या पत्रातल्या तक्रारी पुन्हा वाचून पाहा. सकाळची रांग, संध्याकाळचे ‘हळू बोला’ आणि न्हाणीघरात बसणारी मुलगी, अशा तीन तक्रारी तुम्ही लिहिल्या आहेत. झोपायला जागा नाही, असे तुम्ही कोठेही म्हटलेले नाही. घर दिवसभर अपुरे पडत नाही; ते सकाळी तासभर आणि संध्याकाळी दोन-तीन तास अपुरे पडते, आणि त्या तासांत जे कमी पडते ते शयनखोली नव्हे. सकाळी कमी पडते ते दुसरे न्हाणीघर. संध्याकाळी कमी पडते ती कामाच्या बोलण्याला आणि मुलांच्या बोलण्याला एकमेकांपासून वेगळे ठेवणारी एक भिंत. ‘घर लहान आहे’ असे एकदा म्हटले की या वेगवेगळ्या उणिवा एकाच नावाखाली जातात आणि मग सर्वांवर एकच, सर्वांत महाग उपाय दिसू लागतो.

म्हणून पुढचे दोन आठवडे एक वही स्वयंपाकघरात ठेवा. ज्या क्षणी जागेवरून कोणाची चिडचिड झाली, कोणी कोणाची वाट अडवली, कोणाला उठून दुसरीकडे जावे लागले, त्या क्षणाची वेळ, ठिकाण आणि माणसे एवढेच एका ओळीत लिहा. कारण लिहू नका, कारण लिहायला गेलात तर त्यावरून नवा वाद सुरू होईल. नोंदी तुम्ही दोघांनीही करायच्या आहेत. तुम्हाला जाणवणारे घर आणि यजमानांना जाणवणारे घर एकच नसणार, कारण घरून काम करणाऱ्याला दिवसभर शांत असलेले घर दिसते आणि संध्याकाळी बाहेरून येणाऱ्याला भरलेले घर दिसते. दोघांतला वाद बराचसा तेथून आला असावा, असा माझा अंदाज आहे.

आता तुमच्या मुलीविषयी. पत्रात तिला अर्धेच वाक्य मिळाले आहे आणि तेही तक्रारीच्या सुरात. मला मात्र ते पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटले. तुमच्या घरात आतून कडी लागते आणि बाहेरून कोणी ती उघडायला लावत नाही, असे एकच दार आहे, आणि ते न्हाणीघराचे आहे. ती तेथे वाचायला जाते याचा अर्थ तिला एकटे राहण्यासाठी दुसरी जागा सापडलेली नाही. मुलींमध्ये वयात येण्याची लक्षणे साधारण ८ ते १३ या वयात कधीही दिसू लागतात; ती ९ वर्षांची आहे. कपडे बदलणे, वाचणे, रडणे, काहीही न करता पडून राहणे यांसाठी तिला एक बंद होणारे दार लागणार आहे, आणि ही गरज दरवर्षी वाढत जाणार आहे. ‘आमच्या वेळी दोन खोल्यांत दहा माणसे राहत होती’ असे तुम्हाला कोणीतरी ऐकवले असेलच. ते खरेही असेल, पण त्या दोन खोल्यांत वाढलेल्या मुलींना त्या दिवसांविषयी विचारले तर कपडे बदलण्यासाठी केलेल्या कसरती त्यांना अजून आठवत असतात. त्या निभावून गेल्या, एवढ्यावरून आपल्या मुलीलाही तसेच निभावायला लावणे मला योग्य वाटत नाही.

तरीही तिला दार मिळवून देण्यासाठी घर विकण्याची गरज आज नाही. मुलांच्या खोलीला कडी बसवा आणि दिवसातला एक ठरलेला तास ती खोली फक्त तिची असेल, धाकट्याने त्या वेळी आत जायचे नाही, हा नियम घरातल्या मोठ्यांनीही पाळा. दुमजली पलंग घेणार असाल तर वरची जागा तिला द्या. ६ वर्षांखालील मुलाला वर झोपवू नये अशी सुरक्षेची स्पष्ट सूचना आहे, त्यामुळे पुढची दोन वर्षे तरी तो वाद उद्भवू नये. ती न्हाणीघरातून बाहेर आली की तुमची सकाळची रांगही थोडी कमी होईल.

बाळाचा विचार करताना मात्र तुम्ही आहे त्यापेक्षा मोठी गरज धरून चालला आहात, असे वाटते. बाळ पहिले सहा महिने तरी आई-वडिलांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या पाळण्यात झोपावे, असा अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला आहे, आणि त्याचा उद्देश झोपेतील अकस्मात मृत्यूचा धोका कमी करणे हा आहे. म्हणजे नव्या घरात तुम्ही बाळासाठी खोली सजवली तरी ती बराच काळ रिकामीच राहील. बाळाला लागते ती एक पाळण्याची जागा, कपड्यांचा एक खण आणि रात्री तुमच्यापैकी एकाला सलग झोपता येईल अशी सोय. बाळंतपणाच्या तोंडावर घर हलवणे, शाळा बदलणे, नवे कर्ज सुरू करणे आणि त्याच काळात तुमच्या रजेमुळे उत्पन्न कमी होणे, हे सगळे एकाच तिमाहीत ओढवून घ्यावे इतके ते तातडीचे नाही. मूल येण्याआधी घर तयार असावे ही ओढ मला कळते. ती खरी आहे आणि सुंदरही आहे, पण तिच्या भरात पंचवीस वर्षांचा करार करू नये.

मोठ्या घराची खरी गरज निर्माण होणार आहे ती सासूबाईंमुळे. त्या प्रौढ आहेत, त्यांना स्वतःचे घर चालवण्याची सवय आहे, आणि गेल्याच वर्षी त्यांचे आयुष्य मुळापासून बदलले आहे. त्यांना नातवंडांच्या खोलीत एक कोपरा देऊन भागणार नाही. त्यांना स्वतःची खोली हवी, रात्री जिना न चढता-उतरता जाता येईल असे न्हाणीघर जवळ हवे, आणि दिवसा कोणाच्या कामात व्यत्यय न आणता बसता येईल अशी जागा हवी. आता तुम्ही पाहिलेले घर या नजरेने पुन्हा पाहा. तेथे प्रत्येक वेळी त्यांना जिना चढावा लागेल. चार शयनखोल्या असूनही ज्या व्यक्तीमुळे घर मोठे करायचे, तिलाच ते सर्वांत गैरसोयीचे ठरेल. शिवाय ‘येतील असे दिसते’ या तुमच्या शब्दांवरून त्यांना अजून कोणी सरळ विचारलेले नाही, असे मला वाटते. कदाचित त्यांना अजून एकदोन वर्षे आपल्याच घरी राहावेसे वाटत असेल, कदाचित तुमच्या घराजवळ वेगळे लहान घर भाड्याने घेणे त्यांना अधिक आवडेल. त्यांचे उत्तर येईपर्यंत किती खोल्या हव्यात हे कोणालाही सांगता येणार नाही.

पैशाचा हिशेब मी व्याजदर ८ टक्के स्थिर धरून मांडते. तुमचा दर वेगळा असेल, पण आकड्यांचा कल तोच राहील. २० वर्षांच्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यातले सुमारे ८० टक्के व्याजात जातात. त्यामुळे ८ वर्षे नियमित हप्ते भरूनही मूळ रकमेपैकी सुमारे ७७ टक्के अजून फेडायचे असतात. तुम्ही अवघड चढ चढून आला आहात आणि येथून पुढे प्रत्येक हप्त्यात मुद्दलाचा वाटा वेगाने वाढत जाणार आहे. नेमक्या या टप्प्यावर २५ वर्षांचे नवे कर्ज घेतले की पहिल्या हप्त्यातले सुमारे ८६ टक्के पुन्हा व्याजात जाऊ लागतात, आणि १०० घेतले तर अखेरीस सुमारे २३२ परत केले जातात. हा खर्च करूच नये असे नाही. पण त्याच्या बदल्यात नेमकी कोणती गरज भागते, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. मोठ्या घराची साफसफाई, डागडुजी, कर आणि वीज हा खर्च त्यात अजून धरलेलाच नाही.

दूरच्या घराची दुसरी किंमत वेळेत द्यावी लागते, आणि ती पत्रात तुम्ही ओझरती लिहिली आहे. जाताना ५० आणि येताना ५० मिनिटे अधिक, वर्षाला कामाचे २२० दिवस धरले तर हे सुमारे ३६७ तास होतात, म्हणजे दिवसरात्र मिळून १५ पूर्ण दिवस. हे तास येतील कोठून? तुमच्या झोपेतून किंवा मुलांच्या संध्याकाळीतून. ब्रूनो फ्राय आणि अलोइस श्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांच्या माहितीवरून दाखवून दिले आहे की कामावर जाण्या-येण्यात अधिक वेळ घालवणारे लोक आयुष्याविषयी कमी समाधानी असतात; घर किंवा पगार यांतून त्या त्रासाची भरपाई होत असेल असा जो सर्वसाधारण समज असतो, तो त्या आकडेवारीत टिकला नाही. माणसाला मोठ्या खोलीची सवय लवकर होते, रोजच्या लांबच्या प्रवासाची होत नाही, असा माझाही अनुभव आहे. त्या घराचा मोह सुटत नसेल तर कामाच्या एखाद्या आठवड्यात रोज गर्दीच्या वेळी तेथून कार्यालयापर्यंत जाऊन पाहा.

आणखी एक गोष्ट. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी या शतकाच्या सुरुवातीला तेथील ३२ कुटुंबांचे दैनंदिन जीवन घरात जाऊन टिपले. मोठ्या घरांतही माणसे बहुतेक वेळ स्वयंपाकघराच्या आसपासच जमलेली आढळली, आणि गाडी ठेवण्याच्या जागा सामानाने इतक्या भरल्या होत्या की चारांपैकी तिघांच्या घरी तेथे गाडीच उभी करता येत नव्हती. जागा वाढली म्हणून माणसे आपोआप पांगत नाहीत, सामान मात्र वाढते. तुमची संध्याकाळची दाटी नव्या घराच्या खालच्या मजल्यावर जशीच्या तशी जाऊन बसण्याची शक्यता म्हणूनच मला मोठी वाटते.

मग करायचे काय? महिनाअखेर त्या घराला नकार कळवा. पण यजमानांचे ‘दोन वर्षे थांबू’ हेही मी जसेच्या तसे मान्य करणार नाही, कारण नुसते थांबणे म्हणजे तुम्ही आणि तुमच्या मुलीने आणखी दोन वर्षे सोसणे होय. थांबायचे असेल तर आजच्या घरात या महिन्यात बदल झाले पाहिजेत, आणि पहिला बदल यजमानांनी करायचा आहे. कामाचे टेबल बैठकीच्या खोलीतून तुमच्या शयनखोलीत हलवावे. ती खोली दिवसा रिकामी असते आणि तिला दार आहे. बाळ आल्यावर पहिले काही महिने तेही जमणार नाही, तेव्हा आठवड्यातील ते तीन दिवस कार्यालयात जाता येईल का, किंवा जवळपास बसण्यापुरती जागा भाड्याने मिळेल का, याची चौकशी त्यांनी आतापासून करावी. घराच्या हप्त्यापुढे त्या जागेचे भाडे फारच कमी असेल. न्हाणीघरात जागा असेल तर शौचालय आणि हातपाय धुण्याची जागा मध्ये भिंत घालून वेगळी करून घ्या; एका वेळी दोघांची सोय झाली की सकाळचा तास पुष्कळ हलका होतो.

याबरोबरच, नव्या घराचा जो हप्ता बसणार होता, त्यातून आजचा हप्ता वजा करून उरणारी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात करा. तुमची रजा सुरू झाल्यावरही ती टाकता येते का ते पाहा. आली तर दोन वर्षांत तुमच्या हाती चांगली रक्कम असेल आणि कर्ज तेवढे कमी घ्यावे लागेल. आली नाही, तर आज कर्ज घेतले असते तर काय झाले असते, हे तुम्हाला कर्ज न घेताच कळलेले असेल.

बाळ वर्षाचे होईल त्या महिन्याची तारीख आजच दोघांनी मिळून ठरवा आणि त्या दिवशी हा विषय पुन्हा घ्या. तोपर्यंत सासूबाईंचे मत कळलेले असेल, मुलगी ११ वर्षांच्या जवळ असेल, आणि तिला स्वतंत्र जागा देण्याचा प्रश्न मग पुढे ढकलता येणार नाही. त्या वेळी घर शोधाल ते तीन शयनखोल्यांचे, दोन न्हाणीघरांचे, सासूबाईंची खोली आणि न्हाणीघर एकाच पातळीवर असलेले आणि आताच्या शाळेपासून फार लांब नसलेले शोधा. तीन खोल्यांत तुम्ही दोघे, सासूबाई आणि मुले असे बसवताना मुलीचा आणि धाकट्यांचा प्रश्न पुन्हा येईल. तेव्हा मोठी खोली मुलांना देऊन ती मधोमध विभागण्याची तयारी ठेवा. विकत घेण्याआधी आपले घर भाड्याने देऊन त्याच परिसरात मोठे घर वर्षभर भाड्याने घेण्याचा पर्यायही तपासून पाहा. आपल्याला खरेच किती जागा लागते हे एका वर्षात जेवढे कळेल तेवढे कोणत्याही हिशेबातून कळणार नाही.

दोन गोष्टी घडल्या तर मात्र माझा सल्ला बदलेल. सासूबाईंची प्रकृती अशी असेल की त्यांना एकटे ठेवणे आजच धोक्याचे आहे, तर बाळाच्या आधी त्यांच्यासाठी जागा पाहावी लागेल, मग ती भाड्याची का असेना. आणि तुमच्या वहीत दोन आठवड्यांनी रात्रीच्या, झोपेच्या नोंदी सर्वांत जास्त निघाल्या, तर मी तुमची गरज चुकीची वाचली असे समजा आणि मला पुन्हा लिहा.

सासूबाईंना यजमानांनी स्वतः फोन करून विचारावे, तुमच्यावर ते काम सोडू नये. मुलीशी तुम्ही बोला. न्हाणीघरात का बसतेस असे विचारू नका, तिला घरात कोणती जागा आपली वाटते एवढेच विचारा, आणि खोलीला कडी बसवायला जाताना तिला बरोबर घेऊन जा.